नागिणीचा उतारा

फेब्रुवारीत माझ्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा मी सगळा दोष खुर्चीला दिला. ऑफिस डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजला, पण तिथं आठवड्यातून एकदा तोंड दाखवायला जायचं. बाकीचे दिवस तासाभरावरच्या नावन गावातल्या घराच्या मागच्या खोलीत, स्वयंपाकघरातून उचलून आणलेल्या खुर्चीवर लॅपटॉपसमोर जायचे. बायको आणि मुलगी आदल्या उन्हाळ्यातच पुण्याला परतल्या होत्या. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता, बघायला दुसरं कोणी नव्हतं, आणि मुलीला एकटीला माझ्याजवळ ठेवण्यात अर्थ नव्हता. ‘वर्षभराचा तर प्रश्न आहे,’ असं आम्ही एकमेकांना सांगितलं होतं. वर्ष कधीपासून मोजायचं, हे दोघांनीही विचारलं नाही.

एकट्या माणसाचं दुखणं विचित्र असतं. बाजूला कोणी असलं की माणूस ‘आई गं’ म्हणतो आणि दुखणं खरं होतं. मी नुसता ओठ दाबून उठायचो-बसायचो. मग एका सकाळी अंघोळीच्या वेळी पाहिलं, तर पाठीपासून पोटाकडे लाल पट्टा उमटलेला आणि त्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड. डॉक्टरीणबाईंनी शर्ट वर करायला सांगितला, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “शिंगल्स.” गोळ्या लिहून दिल्या, विश्रांती घ्या म्हणाल्या. बाहेर गाडीत बसल्यावर मला मराठी शब्द आठवला. नागीण.

बायकोला फोन केला. ती सासूबाईंना भरवत होती. “गोळ्या वेळेवर घे, आणि स्वतःचं जेवण करत जा, नुसता ब्रेड खाऊ नकोस,” एवढं बोलेपर्यंत पलीकडे काहीतरी सांडलं आणि तिला जावं लागलं. तिचा राग येण्यासारखं काही नव्हतं. मग मी वर्ध्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. मी काही सांगायच्या आधीच तिनं विचारलं, “कुशीले हात कायले लावून बसला रे?”

“नागीण झालीय म्हणतात.”

“कुठून निंगाली? आन् कुठवर गेली?”

“पाठीकडून पोटाकडे. का गं?”

“तोंड आन् शेपूट भेटलं त नाई ना?”

“आई, तो व्हायरस असतो. त्याला तोंड-शेपूट नसतं.”

“तुह्या डाक्टरले नसन माईत. कमरीले येढा पडला आन् दोन्ही टोकं भेटली, का माणूस गेला. गेरू लाव थंड्या पान्यात उगाळून.”

“इथं कुठून आणू गेरू?”

“मंग मंतरनारा पाह्य कोनी.” असं म्हणून तीच हसली, कारण नावनमध्ये मंतरणारा कुठून मिळणार. मग हसू थांबवून तिनं विचारलं, “पानी कोन देते रे तुले?”

“मी घेतो ना उठून.”

पडद्यावर तिचं कपाळ तेवढं दिसत राहिलं, कारण फोन तिला कधी नीट धरता येत नाही.

दोन दिवसांनी कचऱ्याचा डबा बाहेर ओढत होतो, तेव्हा शेजारच्यानं पाहिलं. शेजारी साठीकडे झुकलेला, हॉस्पिटलमध्ये पोर्टर. पेशंटच्या खाटा एका वॉर्डातून दुसरीकडे ढकलत नेण्याचं काम. आमची ओळख डब्यांपुरतीच होती. कुठल्या आठवड्यात हिरवा डबा, कुठल्या आठवड्यात काळा, हे मी त्याच्या दाराकडे बघून ठरवायचो.

“काय रे, असा वाकून का चालतोयस?”

“शिंगल्स.”

“अरेरे. मग क्युअरला जाऊन आलास?”

“गोळ्या चालू आहेत.”

“गोळ्या घेच. मी क्युअरबद्दल म्हणतोय.” त्यानं माझा डबा स्वतःच ओढून कडेला लावला आणि मला समजावलं. इकडे काही घरांकडे एकेका आजाराचा उतारा असतो. एखाद्याकडे चामखिळीचा, एखाद्याकडे भाजल्याचा. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. केल्स गावाच्या रस्त्यावर एक म्हातारी बाई आहे, तिच्याकडे शिंगल्सचा आहे.

“तू हॉस्पिटलमध्ये काम करतोस,” मी म्हटलं.

“म्हणूनच सांगतोय. दोन्हीकडे जाऊन येणारे लोक जास्त शांत झोपतात. सोमवार, गुरुवार, पुन्हा सोमवार, असं तीनदा जायचं. पैसे द्यायचे नाहीत. आणि काहीही झालं तरी थँक्यू म्हणायचं नाही. म्हटलंस तर उतरत नाही.”

मी गेलो तो विश्वासानं नाही, हे इथं सांगून टाकतो. सोमवारी दुपारी कोणीतरी मला कुठंतरी घेऊन जातंय, एवढ्यासाठी गेलो. त्याच्या व्हॅनमध्ये बसल्यावर त्यानं हीटर माझ्या बाजूला वळवला.

चार रस्ते मिळतात तिथं ते घर होतं. समोरची खिडकी घराच्या मानानं फार मोठी, कारण एके काळी ती दुकानाची खिडकी होती. बाई नव्वदीच्या आसपास, ताठ, अंगात पुरुषाचा जाडजूड स्वेटर. शेजारी व्हॅनमध्येच थांबला. आत एकट्यानं जायचं असतं म्हणाला. बाईंनी मला शेगडीजवळ बसवलं आणि पहिला प्रश्न केला, “पट्ट्याची टोकं भेटलीत का?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. वर्ध्याच्या माझ्या आईनं आयर्लंडचं नाव मुलगा इथं आला म्हणून ऐकलेलं. या बाई उभ्या जन्मात लंडनपलीकडे गेलेल्या नव्हत्या.

“नाही,” मी म्हणालो. “भेटली तर काय होतं?”

“भेटत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण विचारावं लागतं.”

त्यांनी माझं नाव विचारलं. मी इथल्या लोकांसाठी केलेलं छोटं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. “आईनं ठेवलेलं पाहिजे.” मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांना ते जमेना. पुन्हा म्हटलं, पुन्हा जमेना. त्यांनी डोळे मिटले आणि एकेक अक्षर चाखल्यासारखं करत, शेवटी बरोबर उच्चारलं. ऑफिसात इतकी वर्षं काढली, तिथं कोणी एवढे कष्ट घेतले नव्हते.

मग शर्ट वर करायला लावला. भिंतीवर उगवणाऱ्या एका जाड पानाच्या रोपाचा रस त्यांनी बिनमिठाच्या लोण्यात घोटून ठेवला होता. फोडांना हात न लावता, त्यांच्या कडेकडेनं, पाठीपासून पोटापर्यंत, त्यांनी बोटानं ते लावत नेलं आणि ओठांत काहीतरी पुटपुटत राहिल्या. बोट खरखरीत होतं, गरम होतं. कोणाचा हात माझ्या अंगाला लागून किती महिने झाले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. डोळे भरून आले. ते दिसू नये म्हणून मी समोरच्या भिंतीकडे बघायला लागलो.

भिंतीला टेकून एक पत्र्याचा बोर्ड ठेवलेला होता, कडा गंजून गेलेल्या. लालबुंद गालांची एक मुलगी हातात बाटली धरून हसत होती. खाली भलीमोठी यादी: पित्त, कावीळ, रक्तदोष, अशक्तपणा, बायकांचे विकार, केस गळणं, मनाची उदासी. सगळ्यांवर ती एकच बाटली.

“कोंबड्यांच्या खुराड्याचं दार होतं ते,” बाई म्हणाल्या. “मी धुऊन आत आणलं.”

“उदासीवरही चालायची बाटली?”

“उदासीवर तर सगळ्यांत जास्त खपायची. निम्मी दारूच होती त्यात.”

हे दुकान त्यांच्या पणजीचं. आयर्लंडवर लंडनच्या राणीचं राज्य होतं त्या काळातलं. चहा, साखर, दिव्याचं तेल, आणि मागच्या फळीवर औषधाच्या बाटल्या. पेटंट औषधं म्हणायचे त्यांना. आत काय आहे हे कोणी विचारायचं नाही आणि बनवणारा सांगायचा नाही. गावातल्या ज्या बाप्यांनी पाद्र्यासमोर दारू सोडल्याची शपथ घेतली होती, ते शपथ न मोडता टॉनिक घ्यायचे. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, आणि चमचा ज्याचा त्याचा. ज्यांना बाटली परवडायची नाही त्यांच्या घरी छातीला बदकाची चरबी, खोकल्याला समुद्रातलं शेवाळ उकळून, आणि थंडी सरली की पोरांना रांगेत उभं करून गंधक घातलेली काकवी. आमच्याकडे रविवारी सकाळी आई एरंडेल घेऊन दारात उभी राहायची आणि मी मोरीत लपायचो, ते मी त्यांना सांगितलं. एरंडेलाला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगताच त्यांनी असं तोंड वाकडं केलं, की त्या क्षणभर सात वर्षांच्या दिसल्या.

निघताना मी दारात अडखळलो. तोंडातून ‘थँ’ बाहेर पडलंच होतं. त्यांनी बोट वर केलं. मी उरलेला शब्द गिळला. मग मला वाटलं, यात अवघड ते काय? आपल्याकडे घरच्या माणसाला कोण थँक्यू म्हणतं? “येतो,” असं मी मराठीतच म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

गुरुवारी मी स्वतः गाडी चालवत गेलो. फोडांवर खपल्या धरू लागल्या होत्या. गोळ्यांनी की लोण्यानं, कोण जाणे. त्या दिवशी बाई काही बोलायच्या मनःस्थितीत नाहीत असं वाटलं, पण काम आटोपल्यावर त्यांनीच चहा ओतला. इथं भांड्यांच्या कपाटाला प्रेस म्हणतात. तसल्या एका प्रेसमधून त्यांनी एक चपटी निळसर काचेची रिकामी बाटली काढून माझ्या हातात दिली. काचेतच अक्षरं उठवलेली होती. लहान मुलांना शांत करणारं सिरप.

“पणजीचं दुसरं मूल रात्रंदिवस रडायचं,” त्या म्हणाल्या. “दात येत होते. नवरा चिडायचा, गिऱ्हाईक चिडायचं. फळीवर बाटली होतीच. घरचीच. तिनं बाळाला दिली. बाळ शांत झोपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. मग एका दिवशी ते उठलंच नाही.”

“अफू?” मी विचारलं.

“अफूच. तिला काय ठाऊक? बाटलीवर आईच्या मांडीवर हसणारं बाळ होतं.”

आमच्याकडेही कामावर जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची बाळागोळी देत, असं आई सांगायची. बाटली परत द्यावी की धरून ठेवावी, हे मला कळेना.

पणजीनं त्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या मागच्या खड्ड्यात फोडल्या, ही एक सोडून. दुकान चालूच ठेवावं लागलं, पोट होतं. पण औषध विकणं बंद. पुढे भटक्या लोकांतला एक म्हातारा कढई-भांडी सांधायला दारात यायचा. त्यानं पणजीला हा उतारा दिला. पणजीनं त्याला स्वतःची एक अट जोडली. याचे पैसे कधी घ्यायचे नाहीत. “विकत घेतलेल्या औषधानं तिचं मूल नेलं होतं,” बाई म्हणाल्या. “थँक्यूचा नियम आधीपासूनचा. पैशांचा तिचा.”

त्यानंतरचा सोमवार शेवटचा. जाताना गाडीत माझ्या मनात आलं, की अजून थोडं दुखत राहिलं तर बरं. असा विचार करणारा मी एकटाच नसेन. त्यांनी शेवटचं बोट फिरवलं, हात पुसले, आणि मी शर्ट खाली करत असतानाच म्हणाल्या, “हा उतारा बाईकडून पुरुषाला जातो, पुरुषाकडून बाईला. मला बापाकडून मिळाला. मला मुलगा नाही. मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थला आहे, आणि बाईनं बाईला देता येत नाही. तू घेशील का?”

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. “मी सॉफ्टवेअरवाला आहे,” मी म्हणालो. “माझा या सगळ्यावर विश्वासही नाही.”

“विश्वास कोणी मागितलाय? शब्द पाठ करायचे. भिंतीवरचं ते झाड लावायचं. आणि घरी सापडायचं.”

“म्हणजे?”

“कोणी दार वाजवलं तर आत कोणीतरी असलं पाहिजे. एवढंच काम आहे खरं तर. चाळीस मैलांवरून कोणी कण्हत येतो आणि दाराला कुलूप असतं, तसं होता कामा नये.”

मी विचार करून सांगतो म्हणालो. खरंच विचार केला. संध्याकाळी भात लावताना, ऑफिसच्या कॉलवर माईक बंद करून बसलेला असताना, केला. माझ्या घराची बेल फक्त पार्सलवाला वाजवायचा, आणि तोही वाजवून निघून जायचा. कोणीतरी मला शोधत येईल, माझं नाव विचारत येईल, हे चित्र मला आवडत होतं, नाही असं नाही. पण बायकोशी बोललो तेव्हा कळलं, की सासूबाई वर्षभरात बऱ्या होणार नव्हत्या. दोन-तीन वर्षांत मलाच गाशा गुंडाळून जावं लागणार होतं. जो घरी सापडणार नाही त्यानं हे घ्यायचं कशाला?

एप्रिलमध्ये एका रविवारी जाऊन मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. “बरं झालं खरं बोललास,” म्हणाल्या आणि किटली ठेवली. “मग आता बस. आज तू पेशंट नाहीस.”

त्यानंतर मी बहुतेक रविवारी जाऊ लागलो. बरगडीतली सणक अधूनमधून यायची, डॉक्टरीणबाई म्हणाल्या काही महिने येईल. आम्ही फार बोलायचो असंही नाही. मी त्यांचं लाकूड फोडून द्यायचो, त्या मला रेडिओवरच्या मृत्यूच्या बातम्यांतली माणसं कोण होती ते सांगायच्या. मी एकदा मेथीचे पराठे नेले. एक खाऊन म्हणाल्या, “हे कशावर औषध आहे?” मी म्हटलं, “भुकेवर.” कधी दार वाजायचं आणि कोणीतरी कुशीला हात लावून उभं असायचं. मग मी बाहेर अंगणात जाऊन थांबायचो. आतून त्यांचा तोच पहिला प्रश्न पुसट ऐकू यायचा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेजाऱ्यानं माझी बेल वाजवली. दार उघडल्यावर त्यानं टोपी काढली, तेव्हाच मला कळलं. सकाळी शेगडी पेटवताना गेल्या. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात तसं तोही म्हणाला.

इथं माणूस गेलं की दोन दिवस घरातच ठेवतात, उघड्या पेटीत, आणि गावभरची माणसं येऊन जातात. त्या स्वयंपाकघरात मी एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. माझ्या पुढे उभा असलेला ट्रॅक्टरवाला सांगत होता की त्याच्या आजोबांची, बापाची आणि त्याची, तिघांचीही शिंगल्स याच घरात उतरली. पर्थहून आलेली मुलगी, साठीची, विमानातून उतरून सरळ आलेली, प्रत्येकाचा हात हातात घेत होती. माझी पाळी आली तेव्हा तिनं मला ओळखलं. “पराठेवाला तू,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, “तिनं तुला दिला का?”

“नाही,” मी म्हणालो. “मी नाही म्हटलं.”

तिनं आईकडे पाहिलं. “म्हणजे गेला,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. माझा हात तिनं लगेच सोडलाही नाही. मग मागून रांग सरकली आणि मी पुढे झालो.

दुसऱ्या दिवशी चर्चपासून दफनभूमीपर्यंत पेटी खांद्यावरून न्यायची होती. सहा-सहा जणांच्या पाळ्या, उंचीप्रमाणे जोड्या लावलेल्या. शेजारी यादी मनात जुळवत फिरत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “तुझी उंची त्या ट्रॅक्टरवाल्याला जुळते. चल.”

मी म्हणालो, “मी घरचा नाही.”

“आम्ही तरी कुठं आहोत?”

माझे वडील गेले ते विमानं बंद असलेल्या वर्षी. त्यांना खांदा चुलतभावांनी दिला. मी तो नावनमधल्या घरात, फोनच्या पडद्यावर पाहिला, आणि मध्येच नेटवर्क गेलं. असं वजन माझ्या खांद्याला ठाऊकच नव्हतं. आता पेटीची कड डाव्या खांद्यावर रुतली. पलीकडच्या बाजूचा ट्रॅक्टरवाला आणि मी, इथल्या पद्धतीनं, पेटीखालून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालत होतो, पावलाला पाऊल मिळवत. त्याचा हात जड होता. बाई मात्र फारच हलक्या होत्या. रस्ता ओला होता आणि चढाचा. अर्ध्या चढावर बरगडीत सणक आली. ट्रॅक्टरवाल्याला ती कळली असावी, कारण त्यानं पंजा घट्ट केला आणि चाल थोडी कमी केली. पाळी बदलायची जागा आली, पुढचे सहा जण वाट बघत उभे होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नको अशी मान हलवली, आणि आम्ही दोघं दफनभूमीच्या फाटकापर्यंत तसेच गेलो.